बेडूक आणि मान्यवर

मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ उतरून भात कुजले, तेव्हा तालुका लोकजागृती चित्रपट समितीने त्याची गंभीर दखल घेतली आणि चित्रपट काढण्याचा ठराव एकमताने संमत केला. चित्रपट वीस मिनिटांचाच हवा होता, कारण त्यानंतर अल्पोपाहार होता.

शिवदास नावाच्या गावातल्याच तरुणाने चिखलात उतरून चित्रीकरण केले. गुडघाभर लाल गाळात उभी राहून मालतीकाकी कॅमेऱ्याला म्हणाली, "ह्यो चिखल कोण काढतलो, इतक्याच सांगा." सुरुवातीची नावे शिवदासच्या बहिणीने, गौरवीने, कार्टूनमध्ये रंगवली. एक हिरवा बेडूक बांधावरून उड्या मारतो आणि तो पडेल तिथे रोपासारखे एकेक नाव उगवते. समितीला चिखल बरा वाटला. बेडूक फारच आवडला.

"पण तो माझ्या नावावर बसतो," अध्यक्ष यशवंतराव म्हणाले. "पदाला ते शोभत नाही. त्याने नमस्कार करावा."

गौरवीने बेडकाला हात जोडायला लावले. ते पाहून उपाध्यक्ष श्रीनाथ यांनी विचारले, "आणि आमच्याकडे पाठ का?" बेडूक वळला. नुसत्या नावाने जनतेला बोध होत नाही, असा मुद्दा सचिव क्षमाताईंनी मांडला. तेव्हा मान्यवरांची चित्रे आली. यशवंतरावांना केस आले, श्रीनाथांचे पोट गेले. सल्लागार, माजी सल्लागार आणि सल्लागार केले नाही म्हणून रुसलेले, अशा सर्वांना बेडकाने हार घातले.

"नावंच एकोणीस मिनिटं चालतात," शिवदास काकुळतीला आला. "चित्रपट कुठे बसवू?"

"उरलेल्या जागेत," क्षमाताई म्हणाल्या. "कलावंताच्या कामात समिती ढवळाढवळ करत नाही."

डिचोलीच्या सभागृहात चित्रपट दाखवला गेला. प्रत्येक नावाला त्या त्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या, बेडकाला शिट्ट्या पडल्या. अखेर मालतीकाकी पडद्यावर आली, "ह्यो चिखल" एवढे म्हणाली, तोच वीस मिनिटे भरली आणि दिवे लागले. बाहेर पॅटिस गरम होते.

चांगले लुगडे नेसून आलेली काकी खुर्चीवरून उठली. "शिवदास, माझा शेत खंय गेला रे?"

मग चित्रपटातून कापलेले सगळे काकीने तिथेच, माईकशिवाय सांगितले. बांध कसा फुटला, विहिरीचे पाणी लाल कसे झाले, पुन्हा लावलेली रोपे गाळात कशी आडवी झाली. दाराशी बशी घेऊन उभे असलेले लोक चावायचे थांबले. गौरवीला मान वर करवेना. व्हिडिओ टाकून नाव कमावलेला तुषार मोबाइल घेऊन पुढे आला. "काकी, परत एकदा सांग. गावोगाव पोचवतंय."

काकीने पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगितले. या वेळी तिच्या आवाजात थोडी आशा होती.

तुषारने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ इब्रामपूरपासून हरमलपर्यंत पोचला. आधी ज्वाळांतून फिरत तुषारचे नाव आले, मग डोळा मारणारा कार्टून सिंह, मग पाठीराख्यांचे नाचत नाचत आभार. त्यानंतर काकी बोलत होती.

गाळ अजून शेतातच आहे. व्हिडिओला मात्र अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यात एक अंगठा तुमचाही आहे. काकी काय म्हणाली, तेवढे सांगा.