आर्विडने बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर

जानेवारीतले सकाळचे ऊन उत्तरेकडच्या नेगॉनी गावात उशिरा येते, आणि आल्यावरही आत यावे की नाही अशा संकोचाने खिडकीबाहेर बराच वेळ थांबते. आधी अंगणातल्या बर्फाचा निळेपणा फिका होतो. मग शेजाऱ्याच्या गॅरेजच्या छपरावर एक पिवळसर रेघ उमटते, ती हळूहळू कुंपण उतरते, आणि कितीतरी वेळाने, काचेवरच्या हिमाच्या नक्षीतून पाझरत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर येते. त्या सकाळी ऊन आले तेव्हा टेबलावर त्याला टेकायलाही जागा नव्हती. केक भाजायच्या बारा खळग्यांच्या साच्यात रेझिस्टर, कपॅसिटर, स्क्रू आणि वॉशर निगुतीने वेगवेगळे मांडलेले होते. मधोमध पत्र्याचा रिकामा सांगाडा होता, आणि त्याच्यासमोर, हनुवटी तळहातावर टेकवून, आर्विड कांगास बसला होता. उन्हाने रेझिस्टरांवरचे रंगीत पट्टे एकेक करून उजळले. आर्विडला ते दृश्य इतके सुंदर वाटले, की त्याने त्यातल्या कशालाही हात लावला नाही.

"हात न लावण्याचा आज अकरावा दिवस," त्याची बायको हायडी कॉफी ओतत म्हणाली. "साचा तेवढा मोकळा कर बाबा. केक खाऊन किती दिवस झाले!"

प्रश्न मुळात साधा होता. आर्विडच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा आवाज कोरडा येत असे. निदान आर्विडचे तसे मत होते. कोणतेही गाणे तो सुरू करी, तिसऱ्या ओळीपर्यंत जाई, आणि तिथे त्याची बोटे थबकत. दोष आवाजाचा आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. उपाय एकच होता: काचेच्या व्हॉल्व्हचा, हातांनी बनवलेला, उबदार आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर. असले अ‍ॅम्प्लिफायर आपापल्या घरच्या वर्कशॉपात एकट्याने बनवणारे कारागीर देशभर आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून तो विकत घ्यावा, की सुटे भाग मागवून स्वतः बनवावा, याचा विचार करण्यात आर्विडचे वर्ष सरत आले होते. जमीन-नोंदणीच्या कचेरीत, आपल्या टेबलाच्या खणात, त्याने त्यासाठी एक वही ठेवली होती. डाव्या पानावर 'विकत', उजव्यावर 'स्वतः'. डावे पान भरत आले की त्याला उजव्याची दया येई.

शेवटी निर्णय झाला तो नाताळच्या जेवणात, सासऱ्यांच्या एका वाक्याने. रेनो नीमेला यांनी चाळीस वर्षे लोखंडाच्या खाणीत विजेचे काम केले होते. घरामागची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, त्यांनी बांधली होती, तिची शेगडी त्यांनी घडवली होती, तळ्यावरची होडीही त्यांचीच. लग्नाला चार वर्षे झाली, तरी जावयाला त्यांनी एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ते त्याचा उल्लेख 'हायडीचा नवरा' असा करीत, आणि तोही तो समोर बसलेला असताना.

"विकत?" रेनो बटाटा मोडत म्हणाले. "दुकानात पैसे टाकायला काय अक्कल लागते? आमची मांजरसुद्धा टाकेल. काय गं हायडी, तुझ्या नवऱ्याला पाना धरता येतो का?"

"मी बनवतोय," असा आवाज आर्विडला ऐकू आला. तो त्याचाच होता.

बाराव्या दिवशी त्याने कामाला हात घातला आणि फेब्रुवारीच्या नऊ तारखेला ते संपवले. बटण दाबल्यावर सांगाडा आधी गाभण म्हशीसारखा हंबरला, मग त्याच्या एका कोपऱ्यातून धुराची नाजूक, जवळजवळ देखणी अशी रेघ वर निघाली, आणि जळक्या केसांच्या वासाने स्वयंपाकघर भरून गेले. आर्विडने प्लग उपटला, सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि ते कलेवर तळघरात, नाताळच्या झाडाच्या खोक्यामागे नेऊन ठेवले. त्याच दुपारी त्याने ओहायोतल्या मेविस नावाच्या कारागीर बाईंना फोन केला.

"तुझा जळला त्याच नकाशाचा हवा? एक तयार होतोय," मेविस म्हणाल्या. "पुढे माझ्या नावाची पितळी पट्टी लावते."

"पट्टी नको."

"फारच साधा दिसतोस रे. लोक त्या पट्टीसाठी वर्षभर थांबतात!"

खोके आले. हायडी दवाखान्यातल्या कामावरून घरी परतली तेव्हा आर्विड गिटार घेऊन बसला होता आणि खोलीत असा आवाज भरला होता, की ती बूट न काढताच दारात उभी राहिली.

"झाला?" ती ओरडली. "अरे, झाला! तू बनवलास!"

आर्विड खोटे बोलला नाही. त्याने फक्त एक बटण थोडे डावीकडे फिरवले.

पंधरा मिनिटांत रेनो आले. अ‍ॅम्प्लिफायरभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, त्याच्यावर तळहात ठेवला, आणि मग एक अघटित घडले. त्यांनी किटली उचलून जावयाच्या कपात स्वतः कॉफी ओतली. "घे, आर्विड," ते म्हणाले.

त्या एका हाकेनंतर खरे सांगणे अशक्य झाले. पुढच्या आठवड्यात रेनोंच्या खाणीतल्या तीन मित्रांनी आपापले बंद पडलेले रेडिओ आर्विडच्या ओसरीत आणून ठेवले. आर्विडने ते अंधुक पहाटे गाडीत घालून शेजारच्या मार्केट शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे पोचवले आणि चार दिवसांनी परत आणले. काम चोख झाल्यामुळे आणखी पाच आले. दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात माणसं किती, नि रेडिओ किती?" मग पास्टरांनी ठरवले, की मार्चच्या तिसऱ्या रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, आर्विडने चर्चच्या तळघरात आपला अ‍ॅम्प्लिफायर दाखवावा आणि थोडे वाजवावेही.

त्या रविवारी लांब टेबलांवर वेलदोड्याच्या नीसू पावाच्या लाद्या होत्या, कॉफीची दोन मोठी पिंपे होती आणि सत्तर माणसे होती. आर्विडने गिटारची वायर जोडली. तेवढ्यात रेनोंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"बाबा, नको!" आर्विड म्हणाला. "आत वीज साठून राहते. जीव जाईल."

"पोरा, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी विजेबरोबर राहतोय." रेनोंनी आपल्या मित्राला हाताने जवळ बोलावले. "ये, वर्नर. वरून काय बघतोस, आमच्या आर्विडचा हात आतून बघ."

त्यांनी साठलेली वीज जमिनीत सोडून सांगाडा अलगद बाहेर काढला आणि उलटा केला. वायरी शाळेच्या रांगेतल्या मुलांसारख्या सरळ होत्या, सोल्डरचा थेंब अन् थेंब चकचकत होता. वर्नरने शीळ घातली. "आणि इथं बघ, पत्र्यावर काहीतरी लिहिलंय," रेनो अभिमानाने म्हणाले. "चष्मा घरी राहिला. आयलीन, वाच गं."

निवृत्त शिक्षिका आयलीन रुओना दर रविवारी बायबल वाचीत. त्यांनी त्याच स्वच्छ, घुमणाऱ्या आवाजात वाचले: "माझ्या लाडक्या, तीन आठवडे तुझ्या उबेत बसले. आता जा तुझ्या घरी. पण तिथे गप्प बसू नकोस. तुझी मेविस, बारा फेब्रुवारी."

सगळ्यांच्या माना आर्विडकडे वळल्या.

"मेविस कोण?" हायडीने विचारले.

आर्विडसमोर पुन्हा वहीची दोन पाने उघडली. एका पानावर होते, की हा अ‍ॅम्प्लिफायर त्याने विकत घेतला. दुसऱ्यावर, की त्याचे एका बाईशी प्रकरण होते. आपण या दोहोंत निवड करतो आहोत, हेच मुळात लाजिरवाणे होते. त्याहून लाजिरवाणे हे, की निवड सोपी नव्हती. सासऱ्यांच्या डोळ्यांत संताप होता, पण त्या संतापात, आर्विडला क्षणभर वाटले, थोडा आदरही होता.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. हे दोन्ही पानांवर चालण्यासारखे होते.

"अरे देवा!" पास्टर म्हणाले.

हायडीने कप खाली ठेवला. "बारा फेब्रुवारीला तू कुठे होतास?"

"घरी."

"आणि त्याआधीचे तीन आठवडे?"

"घरीच. तिथं टेबलापाशी."

"मग ही बाई कुणाच्या उबेत बसली होती?"

आर्विडने बोट वर केले. ते बोट हवेतून गेले आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हवर थांबले. "ह्याच्या," तो म्हणाला. "पत्र ह्यालाच आहे. तिनं बनवलाय तो. मी विकत घेतला."

रेनोंनी उलटा सांगाडा पुन्हा न्याहाळला. मग त्यांनी विचारले, "म्हणजे हे सोल्डरिंग?"

"त्यांचं."

"ह्या वायरी?"

"त्यांच्याच."

"आणि माझ्या मित्रांचे रेडिओ?"

"मार्केट शहरात एक दुकान आहे."

"तू काय केलंस मग?"

आर्विडने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "गिटारची वायर जोडली," तो म्हणाला.

कुणीतरी हसले आणि ते हसू टेबलांवरून पसरत गेले. हायडी हसली नाही. "दवाखान्यात मी अकरा जणींना सांगितलं, आर्विड," ती हळूच म्हणाली. "त्यातल्या दोघींना तर फोन करून." खरोखरच दुसरी बाई असती तर तिचे बोलणे इतके लागले नसते, असे आर्विडला वाटून गेले.

रेनोंनी सांगाडा पुन्हा पेटीत बसवला आणि एकेक स्क्रू घट्ट केला. "ह्या बाईचा हात सोन्याचा आहे," ते म्हणाले. "हायडी, तुझ्या नवऱ्याकडून तिचा नंबर घेऊन ठेव."

पास्टरांना आर्विडची दया आली. "जाऊ द्या हो!" ते म्हणाले. "कुणी का बनवला असेना, गिटार तर आर्विडचीच आहे. वाजव रे पोरा. लहान मुलांचं ते स्तोत्र वाजव, चारच ओळींचं. आम्ही म्हणतो."

खुर्च्या वळल्या. व्हॉल्व्ह पुन्हा तापेपर्यंत आर्विड मान खाली घालून बसला. मग त्याने पहिली ओळ वाजवली. आवाज असा आला, की हसणारे गप्प झाले; तो मऊ होता, भरलेला होता, आणि त्यात काडीइतकाही दोष नव्हता. दुसऱ्या ओळीला आयलीनबाई गाऊ लागल्या. तिसरीला सत्तर जण गात होते, आणि हायडीही. मग आर्विडची बोटे थबकली. सवयीने त्याचा हात बटणाकडे गेला, त्याने ते थोडे डावीकडे फिरवले, मग थोडे उजवीकडे. सत्तर माणसे तोंडे अर्धवट उघडी ठेवून चौथ्या ओळीची वाट पाहत होती.

"आवाजात काही बिघडलं का?" पास्टरांनी विचारले.

रेनो पेटीला कान लावून बसले होते. "आवाज उत्तम आहे," ते म्हणाले.

आर्विडला एकही गाणे शेवटपर्यंत वाजवता येत नव्हते.