डीकन टार्पली आणि शॉर्टस्टॉपची अदलाबदल

या, जवळ सरकून बसा, असे मागच्या बाकावर अंग चोरून नका बसू. गोष्ट आपल्याच गावातल्या एका भल्या माणसाची आहे, आणि हसून पोट दुखलं तर दोष माझा.

माउंट नेबो चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, आणि चर्चच्या बेसबॉल संघाचे कोच एझेल टार्पली ओसरीतल्या झोपाळ्यावर सुस्कारे टाकत होते. शेजारी बायको लुव्हेनिया चवळीच्या शेंगा सोलत होती.

"न्यू केनान चर्चचा पेटवे मिळाला ना," डीकन म्हणाले, "तर यंदाचा चषक माउंट नेबोचा! तो शॉर्टस्टॉपला उभा असला की दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधून मुंगीसुद्धा विचारून जाते."

"आणि बॅट हातात घेतली की?"

"माश्या हाकलतो. पण झेलतो काय! नाहीतर आपल्या संघातला तो पोरगा. चेंडू येतो नि त्याच्या तंगड्यांमधून आरामात निघून जातो."

"मग बदल्यात काय मागतायत?"

डीकननी एक शेंग उचलून उगाच न्याहाळली. "थॅडियस."

लुव्हेनियाचे हात थांबले. थॅडियस म्हणजे संघाचा सगळ्यात दांडगा बॅटर. "अहो डीकन, तो आपला ऑर्गन वाजवतो!"

"तो रविवारी. मी शनिवारचं बोलतोय."

"देवानं शनिवारचा थॅडियस वेगळा घडवलाय वाटतं?"

कारण चर्चांच्या लीगचा नियम असा, की महिनाभर जो ज्या चर्चच्या बाकावर रविवारी बसला, तो शनिवारी त्याच संघाचा. खेळाडू द्यायचा तर अख्खा माणूसच द्यावा लागे. हा नियम डीकननी स्वतःच करून घेतला होता.

अदलाबदल झाली. महिना सरला आणि पेटवे मैदानात उतरला. त्याने सगळं झेललं. माउंट नेबो जिंकू लागलं.

रविवारचं मात्र काही खरं नव्हतं. आपल्या रेव्हरंड क्रमलींचा उपदेश आधी चालतो, मग दुडकतो, मग सूर धरतो. आणि त्या क्षणी खालून ऑर्गनने उचलून घ्यावं लागतं. देवाने लाल समुद्र दुभंगल्याच्या गोष्टीपाशी येऊन रेव्हरंडनी आवाज चढवला, "आणि समुद्र...!" आणि थांबले. हातपंख्यांची फडफड तेवढी ऐकू आली. "आणि समुद्र...!" समुद्र काही दुभंगेना. घाम पुसता पुसता त्यांचा रुमाल निसटला. पहिल्या बाकावरून पेटवेने झेप घेतली आणि जमिनीला लागायच्या आत तो झेलला.

"आउट!" कुणीतरी आमेनच्या ऐवजी ओरडलं.

"ब्रदर टार्पली," रेव्हरंड दमून म्हणाले, "हा गडी पडलेलं सगळं झेलतो हो. पण मला वर कोण उचलणार?"

डीकनना ते गाणारं प्रवचन ऐकल्याशिवाय आठवडा जाईना. मग त्यांची एक मामी आजारी पडली, तीही फक्त रविवारी. मामीच्या नावाने ते न्यू केनानच्या शेवटच्या बाकावर बसू लागले. तिथे थॅडियसचा ऑर्गन असा काही उचलून घेई, की डीकनच्या तोंडून "आमेन!" निघून जाई. सगळा गाव तो आवाज ओळखतो.

अंतिम सामन्याच्या सकाळी न्यू केनानचे कोच बर्डसाँग ओसरीत हजर. हातात त्यांच्या संघाची टोपी.

"घाला, डीकन. आमच्या बाकावर महिना झाला."

"अहो, मी कोच आहे!"

"कोच आमच्याकडे आहे. शॉर्टस्टॉप नाही. नियम कुणाचा?"

डीकननी टोपी घातली.

शेवटच्या डावात बरोबरी होती. तिसऱ्या बेसवर माउंट नेबोचा गडी विजयाची धाव घ्यायला टपून, आणि बॅट घेऊन आला पेटवे. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू कसाबसा लागला आणि लोळत, रमतगमत डीकनकडे निघाला. डीकन वाकले. गुडघे वाकले नाहीत, आणि चेंडू तंगड्यांमधून आरामात निघून गेला.

"मुंगी गेली हो, डीकन!" लुव्हेनिया मैदानाबाहेरून ओरडली.

चषक माउंट नेबोचाच झाला, डीकन म्हणाले होते तसा. तेव्हा आज रात्री हात जोडाल तेव्हा त्यांचं नाव घ्या. आणि त्याबरोबर त्यांच्या गुडघ्यांचंही.