केवळरामचा घसा

पाकीट मी फोडलं नाही. ते कोपऱ्यात आधीच थोडं उकललं होतं, मी फक्त त्याला हिंमत दिली.

शेजारच्या केवळरामचं दार बंद दिसलं म्हणून कुरिअरवाला ते माझ्याकडे देऊन गेला. आत पाच सीड्या. वर केवळरामच्या लेकीचा, स्वातीचा फोटो, हातात व्हायोलिन. (ही पोरगी पुण्याच्या कंप्युटर कंपनीत. सहा महिन्यांपासून सिहोऱ्यात बसून घरूनच काम करते. तिचं व्हायोलिन मला भिंतीतून ऐकू येतं. कान टेकवावा लागतो, पण येतं.) लावून पाहिली. काय गोड सूर! मी डोळे मिटले आणि लाईन गेली.

तेवढ्यात स्वाती दारात. "काका, ऐकली तर नाही ना?"

"छे वो!"

"मंडईले सानगडीचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. गाण्याचं मीच सांगीन त्याइले. तुम्ही मधात बोलू नका."

मी चार सीड्या परत केल्या. (एक शेजारधर्म.)

भिंतीतून आणखीही एक आवाज यायचा. घर्र, घोर्र! म्हशीच्या घशात आंब्याची कोय अडकल्यासारखा. केवळरामला विचारलं तर म्हणाला, "घसा बसला बाप्पा." तेव्हापासून मी रोज त्याला अडुळशाचा काढा नेऊन देतो. तो पूर्ण प्यायला की मगच घरी जातो.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. पाहुणे दंडारीचं नाच-नाटक पाहायला येतात आणि सोयरीक ठरवून जातात. सानगडीहून नवरदेव हेमराज आला, सोबत त्याची आजी पार्वताबाई. हेमराज बशीकडे पाहत होता. आजी सगळ्यांकडे पाहत होती.

"पोरीले काही येते काय?"

स्वातीनं तोंड उघडलं, पण माझं आधी उघडलं. "व्हायोलिन वाजवते! भजनासारखं!" मी दंडारीच्या मांडवातला स्पीकरचा मोठा बॉक्स आणूनच ठेवला होता.

"राहू दे न बाप्पा!" केवळराम कळवळला.

"लाजतं काहून?" म्हणत मी सीडी लावली.

व्हायोलिन सुरू झालं. पार्वताबाईनं मान डोलावली. मी टाळी द्यायला गेलो, तर सम दरवेळी आधीच निघून गेलेली. (भजन मंडळात वीस वर्षं टाळ वाजवतोय, पण असा ताल पाहिला नाही.) दीड मिनिटानं गिटार आली. चार थ्रेशर एकदम सुरू झाल्यासारखी! कपबशा उड्या मारू लागल्या. आणि मग बॉक्समधून गर्जना: "घर्रऽऽ घोर्रऽऽ!"

"अवो माय, अंगात आलं!" पार्वताबाईनं पोह्यांवरची लिंबाची फोड उचलून बॉक्ससमोर ठेवली, हात जोडले. "देवा, सोयरीक करू काय?"

"घर्रऽऽ!"

"हो म्हणते!"

"लय जागृत आहे वो!" मी हात जोडून म्हणालो. केवळरामनंही घाईघाईनं हात जोडले. लग्न जमलं होतं.

स्वातीनं बॉक्स बंद केला. "आजी, देव नाही तो, मेटल गाणं आहे. मीच आहे. व्हायोलिनही माझं, आवाजही माझा. लग्नानंतरही असंच गाईन."

केवळरामचे जोडलेले हात तसेच राहिले. माझेही. पार्वताबाईनं तिला जवळ बोलावलं.

"ओरड पाहू."

स्वाती ओरडली. अंगणातल्या बकरीनं दावं तोडलं.

पार्वताबाई नातवाकडे वळली. "जंगलातले डुकरं आपल्या धानात शिरते. फटाके फोडून फोडून थकला तू. आता बोल, पसंत आहे काय?"

हेमराजनं पहिल्यांदा मान वर केली. "व्हायोलिनही आणशील न?" त्यानं स्वातीला विचारलं.

स्वाती हसली. सोयरीक पक्की.

पाहुणे दंडार पाहायला गेल्यावर मी केवळरामला गाठलं. "म्हणजे घसा तुझा नव्हताच?"

"नव्हता."

"पोरीचं गाणं लपवाले तू खोटं बोलला, समजलं. पण माझा कडू काढा सहा महिने काहून पिला?"

केवळराम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काढा पिला का मंग तू जात होता बाप्पा. नाही पिला तं बसत होता."