चपलांवरून हजेरी

आमचे पाळकसाहेब माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, माणूस लाजाळू आहे. कसला लाजाळू? तुमची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, अंगठा उसवलाय का, तळाला कुठल्या रानाची माती लागलीय, हे सगळं पाठ करणं चाललेलं असतं. पुढच्या खेपेला तुमची चप्पल एकटी कुठं भेटली, तरी ते तिला तुमच्या नावानं ओळखतात.

त्यांचं नाव शांतवन. बावड्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये ते पाळकीणबाई वारल्यानंतर एकटेच बदलून आले. सोबत एक ट्रंक, एक बाजाची पेटी आणि एक स्कूटर, जिचा आवाज दोन आळ्या आधी येतो. मी मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. पोटासाठी जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. सेक्रेटरीपद मला कुणी मानानं दिलेलं नाही. माझं अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या चर्चमध्ये बाकं नाहीत, सतरंज्या आहेत. चपला दाराबाहेर काढायच्या. दुसरं गीत सुरू झालं, सगळ्यांचे डोळे पुस्तकात गेले, की साहेब हळूच दाराकडे सरकणार, बाहेर एक नजर टाकणार आणि परत येऊन उपदेशाच्या आधी जाहीर करणार, "आज पस्तीस जोड हायत आणि गाणारे एकतीस. चौघांचा घसा बसलाय, का चौघं चहाला गेल्यात?" मग खाली बघत त्यांचं ठरलेलं वाक्य, "देव अंतःकरण बघतो. मला आपल्या चपला दिसतात."

यावर मंडळीतल्या एका हुशार माणसानं तोड काढली होती. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत लोकांच्या मोटारी नेमक्या रविवारी जळतात. हा माणूस पहिलं गीत म्हणायचा, आपल्या निळ्या पट्ट्यांच्या जुन्या स्लिपरा दारात तशाच ठेवायचा आणि बाजूच्या दारानं, तिथं आधीच ठेवलेल्या दुसऱ्या चपला घालून कामाला पळायचा. दारात जोड, म्हणजे माणूस हजर. दोन महिने बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी निळ्या स्लिपरा दारातून गायब. चौकशी करावी तर चोरी उघडी पडते. बिचारा गप्प बसला. त्याचं नाव मी सांगत नाही.

साहेबांचं हे वेड कामाला आलं नाही असंही नाही. म्हातारे दानिएलबाबा एकटे राहायचे. त्यांच्या चपलांवर तीन दिवसांची धूळ बघून साहेब थेट आत घुसले, तर बाबा तापानं फणफणलेले. तसंच उचलून बारामतीला नेलं, म्हणून बाबा आज माझ्या दुकानात बसून माझ्या कामात चुका काढतात.

पण घरभेटींनी लोक जेरीला आले. "मालक घरी न्हायत" म्हणायची सोय राहिली नाही, कारण मालकाच्या चपला दारात असायच्या. मग स्कूटरचा आवाज आला की आळीभर पळापळ. कुणी चपला माचाखाली ढकलायचं, कुणी धान्याच्या कोठीमागं. माझ्या वहिनीनं तर कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवल्या होत्या. साहेब दारात उभे राहून शांतपणे विचारणार, "घरात सहा माणसं आणि दारात एकबी चप्पल न्हाय. सगळे अनवाणी गेले व्हय गावाला?" मग काय, बसा म्हणावंच लागायचं.

शेवटी ठिणगी पडली ती कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी. अध्यक्ष म्हणजे भास्करतात्या. तालेवार गडी, बोलणं मोजकं, पायात करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी. तात्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं बांधावरून बिनसलेलं. साहेब तो विषय काढणार हे ओळखून तात्या मागच्या खोलीत जाऊन बसले आणि सुनेला सांगितलं, पंढरपूर रोडला गेलेत म्हण. घाईत कोल्हापुरी राहिल्या दारात.

साहेबांनी त्या बघितल्या, पण सुनेला खोटं पाडलं नाही. ते ओट्यावर बसले. पाणी प्याले, चहा घेतला आणि गीतं म्हणू लागले. एक नाही, दोन नाही, गीतांचं निम्मं पुस्तक. दोन तास तात्या आत आणि साहेब बाहेर. खोलीला दुसरं दार नाही आणि तात्यांना लघवीचा त्रास. निघताना साहेबांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी प्रार्थना केली, "प्रभो, आमचे भास्करराव आज अनवाणी प्रवासाला निघाल्यात. त्यांचे पाय सांभाळ."

आळी आठवडाभर हसत होती. तात्यांनी कमिटी बोलावली आणि वरच्या ऑफिसला अर्ज लिहायला सांगितला, की आमच्या पाळकांची बदली करावी. नेहमीप्रमाणं अक्षर माझं. सह्या पटापट झाल्या. खरं सांगतो, मीसुद्धा केली. आमच्याकडची रीत अशी, की असा अर्ज पाळकांना दाखवून, त्यांची सही घेऊनच वर पाठवायचा. पाठीमागून काही करायचं नाही. हे अवघड जागचं काम कुणाचं? सेक्रेटरीचं.

सोमवारी सकाळी अर्जाचं पाकीट खिशात घालून मी पाळकगृहावर गेलो. दारात बघतो, तर साहेबांच्या काळ्या चपलांशेजारी सहा जोड ओळीनं मांडलेले. मी चरकलो. म्हणजे साहेबांच्या बाजूचीही माणसं आहेत आणि आत मसलत चाललीय. लोकांसमोर अर्ज कसा द्यायचा, म्हणून मी लिंबाखाली बसून राहिलो. अर्धा तास गेला. कुणी बाहेर येईना. आतून बोलण्याचा आवाज नाही, कपबशीचा नाही. सहा माणसं इतकी गप्प फक्त आमच्या कमिटीत हिशेब मागितल्यावर बसतात.

शेवटी दारापाशी गेलो. आत साहेब एकटेच, भाकरी आणि ठेचा पुढ्यात घेऊन जेवत होते. एक घास खायचा, मग पेपरमधली बातमी मोठ्यानं वाचायची आणि "बरं झालं" किंवा "लई वाईट" असं आपणच म्हणायचं.

मी पुन्हा चपलांकडे बघितलं. चर्चच्या दारात कधी ना कधी विसरून राहिलेल्या सगळ्या. बंद तुटलेल्या, एक लहान पोराची, एक बायकी. आणि शेवटी माझ्या निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा, स्वच्छ धुतलेल्या.

साहेबांनी मला बघितलं, म्हणजे माझ्या पायांकडे बघितलं. "या, सेक्रेटरी. आज खऱ्या चपला घालून आलात."

माझा चेहरा पडला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, हे एवढे जोड कशाला मांडलेत?

साहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "एकच जोड दिसला की रस्त्यानं जाणारे म्हणतात, पाळकाकडं कुणी फिरकत न्हाय. मंडळीचं वाईट दिसतं."

मी त्यांच्या मंडळीचा सेक्रेटरी. पाच वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा पाय टाकत होतो, आणि तोही बदलीचा अर्ज घेऊन. मला माझीच लाज वाटली.

"अर्ज आणलाय नव्हं? आणा, सही करतो." त्यांनी हात धुतला, पेन शोधलं.

मी म्हणालो, घरी विसरलो. पाकीट खिशातून चार बोटं वर आलेलं. साहेबांनी ते बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला. आम्ही मोटारींबद्दल बोललो, दानिएलबाबांबद्दल बोललो. पाळकीणबाई बेसनाचे लाडू कसे करायच्या, ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. निघताना त्यांनी वाकून माझ्या निळ्या स्लिपरा उचलल्या आणि आत ठेवल्या. "खरा येऊन गेला. आता खोट्याचं काम न्हाय."

मी गावात कुणाला उपदेश केला नाही. फक्त दानिएलबाबांना सांगितलं. बाबांना सांगणं म्हणजे दवंडीच. महिन्याभरात लोक साहेबांकडं फिरकू लागले आणि दारातले खोटे जोड एकेक करून आत गेले. तात्या मात्र भेटतील तिथं विचारायचे, अर्जाचं काय झालं. मी म्हणायचो, साहेबांकडं गर्दी असते, सही घ्यायला सवड मिळत नाही. परवा तात्या भडकले. "कसली गर्दी? आण इकडं. मीच घेतो सही." माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि करकरत निघाले.

तात्या गेले म्हणजे सही होणार आणि सही झाली म्हणजे साहेब गेले. गिऱ्हाईकाची मोटार उघडून बसलो, पण तारेचा एक वेढा धड पडेना. दुपार कलायला आली तेव्हा तात्या परतताना दिसले. चाल मंद, आणि त्यांच्या येण्याला आज आवाज नव्हता.

"झाली सही?" मी विचारलं.

"पेनच चालंना त्यांचं," तात्या दुसरीकडं बघत म्हणाले.

मी खाली बघितलं. तापलेल्या डांबरावर तात्या अनवाणी उभे होते, एकदा हा पाय उचलत, एकदा तो.

"तात्या, कोल्हापुरी?"

"राहू दे तितंच," तात्या म्हणाले. "जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे, साहेबांकडं माणूस बसलाय म्हणून."