खरेदीसाहेबांचं अस्सल दुकान

तीस वर्षं सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात काढलेल्या माणसाला जगात कुणी टाचणीसुद्धा महाग विकू शकत नाही, असं ते विमानात पट्टा बांधल्यापासून सांगत होते. म्हणून सहलीतल्या एकतीस जणांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव खरेदीसाहेब ठेवलं. त्यात बरीचशी चेष्टा होती, पण साहेबांनी ती पदवी समजून स्वीकारली.

सहलीची प्रमुख एक चुणचुणीत मुलगी होती. तिथली भाषा तिला येत होती, आणि वयाने सगळ्यांत लहान असूनही सगळे तिला ताई म्हणत. पाचव्या दिवशी एका जुन्या गावात बस थांबली तेव्हा तिने चौकातलं एक मोठं दुकान दाखवलं. "घरच्यांसाठी काही घ्यायचं असेल तर इथे घ्या. दीड तास आहे. गल्ल्यांमध्ये शिरू नका."

"म्हणजे हिचं कमिशन इथे आहे," खरेदीसाहेब हळूच म्हणाले. त्यांचं हळूच चार दुकानं पलीकडे ऐकू जात असे. "हा सगळा कारखान्यातला माल. अस्सल वस्तू गल्लीतच मिळते. या माझ्यामागे."

बारा जण गेले. दंतवैद्य गेले, दंतवैद्यांच्या बाई गेल्या, आणि जिला सगळी सहल वहिनी म्हणायची ती साहेबांची बायकोही गेली. तिला जायचं नव्हतं, पण पासपोर्ट साहेबांच्या कमरपट्ट्यात होता.

तिसऱ्या गल्लीत एक दार सताड उघडं दिसलं. पाटी नाही, काचेचं कपाट नाही. आत मोठ्या खोलीत टेबलांवर, खुर्च्यांवर, जमिनीवर वस्तूच वस्तू मांडलेल्या. तांब्याची किटली, दिवे, भरतकामाच्या उशा, लाकडी कोरीव घड्याळ. प्रत्येक वस्तूवर एक गोल चिकटी: लाल, निळी नाहीतर पिवळी. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत एक म्हातारी बसली होती. पायाशी एक भरलेली सुटकेस.

"बघा, पाटी लावत नाहीत ते खरे व्यापारी," साहेब म्हणाले. "आणि चिकट्या पाहिल्यात? मालाची वर्गवारी. लाल हलका माल, निळा मध्यम, पिवळा उंची. आमच्या गोदामात हीच पद्धत मी सुरू केली होती."

"अहो," वहिनी म्हणाली, "हे कुणाचं तरी घर वाटतंय. तिकडे तिच्या चपला आहेत."

"दुकानदार काय अनवाणी फिरतो?"

साहेबांनी घड्याळ उचललं, वाजवून पाहिलं, तोंड कडू केलं. तोंड कडू करणं हा त्यांच्या तंत्राचा पहिला भाग होता. म्हातारी त्यांच्याकडे, मग दारात दाटलेल्या बारा जणांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला. मग हळूहळू एक हसू उगवलं, आणि ते काही साधं हसू नव्हतं.

साहेबांनी बोटांनी भाव विचारला. म्हातारीने थोडा विचार करून पाच बोटं दाखवली. साहेबांनी दोन दाखवली. म्हातारीने मान हलवली आणि एकच बोट दाखवलं.

साहेब गांगरले. तीस वर्षांत असा व्यापारी भेटला नव्हता. "घाबरली," ते मागे वळून म्हणाले. "माणूस ओळखला तिने."

मग काय, झुंबड उडाली. दंतवैद्यांनी किटली घेतली. कुणी उशा घेतल्या, कुणी दिवे घेतले. दंतवैद्यांच्या बाईंना चांदीची चौकट आवडली. तिच्यात एका मिशाळ गृहस्थाचा फोटो होता. फोटो काढून ठेवा, असं त्यांनी खुणेने सांगितलं. म्हातारीने तो चौकटीत परत नीट बसवला, काच पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.

वहिनी मात्र मधेच म्हातारीबरोबर आतल्या स्वयंपाकघरात गेली. दोघींची भाषा एक नव्हती, तरी चहा झाला. मग म्हातारीने भिंतीवरचा तीन मुलांचा फोटो दाखवला. पहिल्याच्या डोक्यावर लाल चिकटी होती, दुसऱ्याच्या निळी, मुलीच्या पिवळी. वहिनी कप खाली ठेवून बाहेर धावली.

"अहो, हे दुकान नाही. मुलांनी हिचं सामान वाटून घेतलंय, ती समोर बसलेली असताना. या वाटण्या आहेत."

"तू मध्ये बोलू नकोस, भाव बिघडेल," साहेब म्हणाले.

तेवढ्यात ती तीन मुलं आलीच. मुलं म्हणजे पन्नाशीची माणसं, हातात रिकामी खोकी. आपलं घर परक्यांच्या बगलेत विखुरलेलं बघून थोरल्याने असा आवाज काढला की दंतवैद्यांची किटली खाली पडली. त्याच आवाजाच्या मागावर, बारा माणसं शोधत फिरणारी ताईही पोचली.

थोरला साहेबांसमोर येऊन काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

ताई अडखळली. "विचारतायत, तुम्ही भंगाराच्या धंद्यात किती वर्षं आहात."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थोरला पोलिसांना बोलवायची भाषा करू लागला. ताई एक एक वाक्य मराठीत सांगत गेली. उद्या आईला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलंय. तिथे एकच सुटकेस चालते. बाकीचं त्यांनी समजुतीने वाटून घेतलंय.

"कुणाच्या समजुतीने ते विचार," वहिनी म्हणाली.

ताईने विचारलं. म्हातारी आरामखुर्चीतून उठली आणि शांतपणे बोलली. "आजी म्हणतात, मी अजून मेलेली नाही. सामान माझं, घर माझं, गिऱ्हाइकंही माझी."

सगळ्यांनी खरेदीसाहेबांकडे पाहिलं. एवढ्या लोकांना त्यांनीच तर आणलं होतं. साहेबांना पळून जावंसं वाटत होतं, पण दारात थोरला उभा होता. घाबरलेला माणूस ज्या एका गोष्टीत तरबेज असतो तीच करतो. साहेब म्हणाले, "ताई, आजींना म्हणावं, पावती द्या. विक्रेत्याच्या सहीची पावती असली की व्यवहार पक्का. मग पोलीस येऊ देत."

म्हातारीला हे फारच आवडलं. कागद नव्हता, म्हणून तिने थोरल्याच्या हातातली वाटण्यांची यादीच घेतली, फाडून बारा तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे सही केली. थोरला यादीसाठी हात पुढे करून तसाच उभा राहिला. धाकट्याने खोकं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसला.

मग म्हातारीने ताईला आणखी काहीतरी विचारलं.

"बसमध्ये एक जागा आहे का, विचारतायत," ताई म्हणाली. "पुढच्या गावात त्यांची मैत्रीण राहते. ती कधीपासून बोलावतेय, पण मुलं नेऊन सोडत नव्हती."

"नियमात बसणार नाही," साहेब सवयीने म्हणाले.

"चौदा जागा रिकाम्या आहेत," ताई म्हणाली आणि सुटकेस उचलली.

म्हातारीची मुलगी पुढे आली. तिने आईच्या अंगात कोट चढवला, एक बटण लावलं, दुसरं तिला लावता येईना. म्हातारीने ते स्वतः लावलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. मुलगे मात्र भिंतीवर घड्याळाच्या जागी राहिलेला पांढरा चौकोन बघत होते.

पाऊण तासाच्या रस्त्यात म्हातारी वहिनीशेजारी बसली. साहेबांची जागा गेली. ते मागे, मांडीवर घड्याळ घेऊन बसले. मैत्रिणीचं फाटक आलं तेव्हा म्हातारीने सगळ्यांचा हात हातात घेतला. दंतवैद्यांच्या बाईंना फोटोकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"त्यांचे यजमान आहेत," ताईने सांगितलं. "म्हणतात, मी चाळीस वर्षं बघितलं, आता तुम्ही बघा."

मग म्हातारी साहेबांसमोर थांबली. बराच वेळ बोलली. ताईने खाली बघत भाषांतर केलं. "म्हणतात, मला सगळं फुकटच द्यायचं होतं. पण तुम्ही तोंड असं केलंत, की तुमच्याकडून पैसे घेतल्याशिवाय राहवेना."

बस निघाली. साहेब पुढे आले आणि बायकोशेजारी टेकले. तिच्या मांडीवर निळ्या फुलांची एक साखरदाणी होती, पदरात नीट गुंडाळलेली.

"केवढ्याला पडली?" साहेबांनी विचारलं.

"पडली नाही," वहिनी म्हणाली. "दिली."

साहेबांनी मान वळवली आणि पुढची दहा मिनिटं मोठ्या एकाग्रतेने खिडकीबाहेर पाहिलं. बस तेव्हा बोगद्यातून चालली होती.