डोमाजीभाऊ आणि पार्बताबाईची बंदूक

डोमाजीभाऊंनी एकदा भर भजनात पेटी बंद पाडली. बुवा डोळे मिटून सूर लावत होते. हे मंडपाच्या कडेवरून उठले, लोकांच्या मांड्या तुडवत थेट पेटीपाशी गेले, खाली वाकले आणि आपला खालचा ओठ जिभेने ओला करून त्यांनी पेटीच्या भात्याला लावला. बुवांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या गुडघ्याशी एक टक्कल होते.

"थांबा महाराज," टक्कल म्हणाले, "डाव्या कोपऱ्यातून हवा जाऊन राह्यली. देवाले तुमचा अर्धाच सूर पोचून राह्यला."

भजन अर्धा तास थांबले. भाऊंनी खिशातून चामड्याचा तुकडा आणि डिंकाची पुडी काढली. नंतर पेटी अशी वाजू लागली की बुवांचा आवाज तिच्याखाली ऐकूच येईना. ते बुवा पुन्हा आमच्या गावी आले नाहीत.

मी नागपूरला कॉलेजात शिकतो. आमच्या घरात शाळेपुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायचे तर कुठून सुरुवात करावी हे मला नीट कळत नाही. पण डोमाजीभाऊंची सुरुवात त्या ओठापासूनच केली पाहिजे. हवा कुठून निसटते ते त्यांना बोटाने, कानाने, डोळ्याने कळत नसे. ओल्या ओठाला मात्र नेमके कळे. "बोटाले कष्टाची सवय असते, ते खोटं बोलते," असे ते म्हणत. "ओठ लेकरावानी असते."

चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीपासून पाच-सहा मैलांवर आमचे गाव. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली भाऊंचे सायकलचे दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक बादली आणि दोन दगड. पंक्चर ते नाइलाजाने काढत. त्यांचा खरा जीव पंपात. सायकलचा पंप, स्टोव्हचा पंप, ग्यासबत्तीचा पंप. जिथे दांडा दाबून हवा भरतात ते सगळे त्यांच्या नात्यातले. दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असते, तिला ते वायसर म्हणत. बाजारातले वायसर त्यांना चालत नसे. जुन्या वहाणेचे चामडे ते मोहाच्या बियांच्या तेलात आठ दिवस बुडवून ठेवत आणि मग स्वतः कापत. गावात कोणाची वहाण हरवली तर पहिली चौकशी भाऊंकडे होई.

दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी भाऊंच्या दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. दोनदा, तीनदा दाबला. भाऊ म्हणाले, "डाक्टरसाहेब, माह्यं राहू द्या. याचंच प्रेशर उतरून राह्यलं." आणि दंडावरचा पट्टा सोडवून यंत्र घेऊन ते ओसरीत जाऊन बसले. बाहेर दहा रोगी कण्हत होते. यंत्र दुरुस्त झाले तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा स्वतःचेच प्रेशर मोजले म्हणतात.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. एकदा भीत भीत त्यांना हवेच्या दाबाचा नियम सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमच्या पुस्तकातली हवा शिकलेली असन, बाबू. माह्या पंपातली अडाणी आहे. तिले फट दिसली की निंघाली."

माघात नदीकाठी चार दिवसांची जत्रा भरते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी भाऊंबरोबर तिथे गेलो होतो. पहिल्याच सकाळी फुग्यांवर नेम मारायच्या दुकानापाशी ते जागच्या जागी थांबले. फळीवर फुगे टांगलेले. समोर पार्बताबाई, हातात लांब हवाई बंदूक. ही बंदूक पूर्वी मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची. नळीखालचा हातपंप पाच-सहा वेळा मारला की आत हवा साठायची, मग छर्रा घालून घोडा दाबायचा. मालगुजारी गेली तेव्हा त्यांच्या वाड्यावर शिकारीच्या कामाला असलेल्या पार्बताबाईच्या नवऱ्याला ती मिळाली. नवरा वारल्यावर बाई तीच घेऊन जत्रांना फिरू लागली.

"ऐकलं का?" भाऊ मला म्हणाले.

मला काहीच ऐकू आले नव्हते.

"फुस्स करते. पंपाच्या जोडातून." आणि ते पुढे झाले. "बाई, आणा इकडं. पाच मिनिटाचं काम."

"राहू द्या भाऊ," बाई घाईने म्हणाली. "चालून राह्यलं माह्यं."

"काय चालून राह्यलं? बंदुकीचा जीव जाऊन राह्यला न!"

भोवती माणसे जमली होती. त्यांच्यासमोर बाईला जास्त नाही म्हणवेना. भाऊंनी बंदूक मांडीवर घेतली, ओठ लावला, रिठ्याचा फेस लावून बुडबुडे पाहिले, आतले जुने सुकलेले वायसर काढले आणि आपल्या तेलातले बसवले. कोणी चूक सुधारताना पाहिले की मला नेहमीच बरे वाटते. मी तर दोघा-तिघांना समजावूनही सांगितले की गळक्या बंदुकीने खेळ चालवणे म्हणजे एक प्रकारे लोकांना फसवणेच होय.

पहिला बार कोतवाल रामाने मारला. आजवर त्या बंदुकीचा छर्रा फुग्याला लागून टुण्कन परत यायचा. फुगा नुसता मान हलवायचा. या वेळी फुगा फुटला, मागची फळी भेदली गेली आणि पलीकडच्या चिवडेवाल्याच्या डब्याचा पत्रा खणकला. चिवडेवाला आडवाच झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी कोणाकडे पाहिले नाही. दुकानावरून उठताना फक्त धोतर झटकले. एवढा आनंदी माणूस मी पाहिला नव्हता.

दुपारी परत त्या बाजूला गेलो तर फळी रिकामी. ज्याने बंदूक उचलावी त्याने फुगा फोडावा असे झाले होते. फुटला की बाईला बत्ताशांची पुडी द्यावी लागे, पुड्याही संपल्या. आणि गंमत म्हणजे गर्दीही पांगली होती. दरवर्षी त्या दुकानापुढे माणसे दिवसभर उभी असत ती फुगा फुटत नाही म्हणून. एखाद्याचा फुटला की त्याचे नाव पुढच्या जत्रेपर्यंत गाजे. आता सात वर्षांच्या पोरीचाही फुटू लागला, तेव्हा त्यात मर्दुमकी काय राहिली?

पार्बताबाई फुटक्या रबराच्या चिंध्या गोळा करत होती. भाऊंकडे न पाहता ती शेजारच्या बांगडीवालीला म्हणाली, "चार दिवसाचे फुगे एका दिवसात गेले वो. तळाशी थोडेसे उरले. आता तीन दिवस काय टांगू? या जत्रेवर माह्यं पावसाळ्यापर्यंतचं धान्य असते."

भाऊंनी ते ऐकले. नदीवर गेलो, परत आलो, पाल ठोकले, जेवलो. मीच धीर करून म्हणालो, "पण भाऊ, आपण केलं ते बरोबरच केलं ना?"

"वायसर बरोबर बसलं," ते म्हणाले. बस, एवढेच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते बाईच्या दुकानापाशी. बाई चूल पेटवत होती. "बाई, बंदुकीले तेलाचा एक थेंब देतो," ते म्हणाले. बाईने त्यांच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने बंदूक दिली. आता आणखी काय बिघडायचे राहिले, असा तिचा चेहरा. ती घागर घेऊन नदीकडे गेली.

भाऊंनी पंप उघडला. आपले वायसर काढून मांडीवर ठेवले. मग बंडीच्या खिशातून कालचे जुने, सुकलेले, कडेला चिरलेले वायसर काढले. डोळे झाकून पंप जोडणारा हा माणूस, पण त्याला तेवढे एक वायसर बसवता येईना. दोनदा हातातून पडले. तिसऱ्यांदा बसले. जोड आवळून त्यांनी पंप मारला, ओठ ओला करून लावला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. दाढ काढताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"गळते?" मी विचारले.

"मस्त गळते," ते म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरले.

त्या दिवशी रामा कोतवाल ऐटीत आला, पंप मारला, नेम धरला. छर्रा फुग्याला लागला आणि परत येऊन त्याच्याच पायाशी पडला. मग जो हशा उठला! "भाऊचं काम एक रात नाई टिकलं वो!" "काऊन भाऊ, वायसर माहेरी गेलं का?" भाऊ तिथेच उभे होते. मला वाटले ते चिडतील. ते म्हणाले, "चामडं कच्चं निंघालं असन. होते कधी कधी."

त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कोणी ऐकले नव्हते. गर्दी मात्र परत जमली. तीन दिवस उरलेले फुगे पुरले. दोन तर बाईने परत नेले. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या चौघांनी आपले पंप दुरुस्तीला ब्रह्मपुरीला नेले आणि भाऊंच्या दुकानावरून जाताना ते पिशवीत झाकून नेले.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी बाई पाल उतरवत होती. भाऊ बांबू धरायला गेले, मी दोऱ्या सोडत होतो. बाईची आता तक्रार नव्हती, म्हणून तिला तोंड फुटले.

"भाऊ, राग नोका मानू," ती म्हणाली, "पण तुमच्या हातात आता काई राह्यलं नाई. देवानंच मले वाचवलं. तुमचं काम पक्कं असतं तं मी उपाशी मेली असती. पुन्हा माह्या बंदुकीले हात नोका लावू."

मला राहवेना. मी म्हणालो, "बाई, खरं सांगायचं तर..."

भाऊंनी हातातला बांबू न सोडता माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"नाई लावत बाई," ते म्हणाले.