दिव्यानीची साइटिंग

मोहर्लीच्या गुणवंतरावांना चिखलातल्या पावलावरून वाघ कोणता, कुठून आला आणि त्याचं पोट भरलेलं होतं की रिकामं, इतकं सगळं सांगता येतं. बावीस वर्षांची जंगलातली गाइडकी! तेव्हा दहावीतली पोरगी अभ्यास करते की नाही हे शोधणं म्हणजे त्यांच्या लेखी सशाचा माग काढणं.

सराव परीक्षेत दिव्यानीला गणितात ऐंशीपैकी एकोणीस पडले होते. दहा-बारा दिवसांवर, रविवारी तालुक्याचा कबड्डी सामना, आणि शाळेच्या संघात पहिली चढाई तिची. गुणवंतरावांनी जाहीर केलं, आठवडाभर पाच ते सात अभ्यास दिसला तर सामना, नाही तर यादीतून नाव कट.

पण दिसणार कसा? त्या वेळी ते पर्यटकांसोबत जिप्सीत. मग त्यांना घरी उतरलेल्या एका संशोधकाने दिलेला जुना कॅमेरा आठवला. झाडाला बांधायचा, समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा. तो त्यांनी तिच्या टेबलासमोरच्या कपाटाला आवळला आणि बुधवारपासून रजिस्टर उघडलं.

बुधवारी दोन तासांत चार फोटो. "५.४०. दिव्यानी, एक. दिशा: माठ." "५.४२. माठाकडून परत." गुरुवारी तीन फोटो, शुक्रवारी दोन. बसलेली एकातही नाही! पोरीने कितीही शपथा घेतल्या तरी गुणवंतरावांचा विश्वास पुराव्यावर.

पुढच्या बुधवारी दुपारी त्यांनी कबड्डीच्या रीता मॅडमना घरी बोलावलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"नाव काढा मॅडम. पोरगी बसतच नाई. जवा पाहा तवा चालूनच राह्यली."

दिव्यानीचे डोळे भरून आले होते, पण चढाईवाली पोरगी ती. "बाबा, असल्या कॅमेऱ्यात बसलेल्या वाघाचा फोटो काऊन येत नाई, हे पर्यटकायले रोज कोण सांगते?"

आशाबाईंनी चहाचा कप नवऱ्यापुढून उचलून मॅडमपुढे ठेवला.

गुणवंतराव सावरले. काल मंगळवार, जंगल बंद, ते घरी. धाक असला की पोरगी कशी बसते ते दाखवायला त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड मोबाइलला जोडलं. एकसष्ट फोटो! ऐटीत त्यांनी पहिला उघडला.

टॉवेल गुंडाळलेले गुणवंतराव, पोरीच्या वहीत डोकावताना. पुढच्यात गुणवंतराव चार्जर शोधताना. मग गुणवंतराव हात उंचावून एकाग्रतेवर भाषण देताना. मग त्यांचं नुसतं नाक, कॅमेरा चालू आहे का ते बघताना. अठ्ठावन्न फोटोंत तेच. उरलेल्या तिनांत दिव्यानी, बाबांसाठी पाणी आणताना.

रीता मॅडमनी रजिस्टर मिटलं. "भाऊ, पोरगी खेळन. अन् मंगळवारी पाच ते सात तुमी बाहेर."

रविवारी दिव्यानीने नऊ गुण आणले. महिन्याने गणितात बेचाळीस. मंगळवारी गुणवंतराव आता अंगणात बसतात. जंगलही बंद, घरही बंद.

कॅमेरा मात्र दिव्यानीने काढू दिला नाही. पहिल्याच मंगळवारी त्यात टेबलामागच्या खिडकीतलं अर्धं डोकं सापडलं. तिने रजिस्टर काढून व्यवस्थित नोंद केली: "६.०५. प्रौढ नर, एक. हाकलला तरी हद्द सोडत नाही."